औषध आधी, आजार नंतर: हार्ट फेल्युअरच्या औषधांची प्राण्यांवर चाचणी आपण नेमकी कशी करतो?

संगमघाट | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, धागा लांबणार आहे. पण दोन महिने डोक्यात घोळतंय ते एकदा लिहून काढतो.

फाल्गुनात एका रात्री अडीचच्या सुमाराला आमचे आप्पा उठून बसले. आडवं झालं की दम लागतोय, बसलं की जरा बरं, असं दोन दिवस चाललं होतं. त्या रात्री बसूनही भागेना. ओठ काळेनिळे, बंडी घामाने चिंब, आणि प्रत्येक श्वासाबरोबर छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज. हरिपूरहून मिरजेपर्यंत गाडीत मी त्यांना पाठीमागून धरून बसतं ठेवलं होतं.

दवाखान्यात तोंडावर घट्ट मास्क लावून दाबाने हवा दिली, शिरेतून लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं फ्युरोसेमाइड) दिलं, नायट्रोग्लिसरीनचं ड्रिप लावलं. सकाळी सातला लघवीच्या पिशवीत दीड लिटर जमलं होतं आणि आप्पा चहा मागत होते. हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदय थकून फुफ्फुसात पाणी भरलं होतं. मी डॉक्टरांना विचारलं, या आजारावर नवीन काय आलंय? ते म्हणाले, "मी इंटर्न होतो तेव्हाही हेच देत होतो."

हे ऐकून मला धक्का बसला, कारण मी अकरा वर्षं एका फार्मसी कॉलेजच्या ॲनिमल हाऊसमध्ये (प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे) काम केलंय. हृदयावरच्या औषधांचे प्रयोग झालेले शेकडो उंदीर या हातांनी धरलेत. जगभरात असे लाखो उंदीर गेले असतील. तरी आप्पांना जे मिळालं ते फ्युरोसेमाइड १९६० च्या दशकातलं, आणि नायट्रोग्लिसरीन तर एकोणिसाव्या शतकापासून छातीच्या कळीवर दिलं जातंय. मग मधल्या सगळ्या प्रयोगांचं झालं काय?

प्रयत्न कमी पडले म्हणावं तर तसंही नाही. नेसिरिटाइड नावाचं औषध २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. हृदयातला दाब छान उतरायचा. २०११ मध्ये ७,१४१ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत, दम किंचित सुधारला, एवढंच. सेरेलॅक्सिन हे गर्भारपणातल्या एका हार्मोनवरून बनवलेलं. २०१३ च्या चाचणीत आशा दिसली, २०१९ मध्ये साडेसहा हजार रुग्णांत ती मावळली. त्याआधी मिलरिनोन. या औषधाने दुबळं हृदय जोरात आकुंचन पावतं, प्राण्यांतही आणि माणसांतही. पण १९९१ च्या चाचणीत त्याच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांत मृत्यू २८ टक्क्यांनी वाढले. ज्या आकड्यावर सगळे खूश होते तो सुधारला, पण माणसाचं आयुष्य घटलं.

आता मी स्वतः पाहिलेलं सांगतो. आपल्याकडच्या एम. फार्म.च्या प्रबंधांत सगळ्यात जास्त चालणारी पद्धत म्हणजे हृदयाचे ठोके वाढवणारं आयसोप्रेनालिन देऊन हृदय बिघडवणं. विस्टार जातीचा पांढरा उंदीर, वजन दोनशे-अडीचशे ग्रॅम, तरुण, धडधाकट, बहुतेक वेळा नर. चोवीस तासांच्या अंतराने कातडीखाली दोन इंजेक्शनं. हृदय इतकं जोरात पळतं की त्याच्या स्नायूला रक्त पुरत नाही आणि तो जागोजागी मरतो. दुसऱ्या इंजेक्शननंतरचा उंदीर मला आजही दिसतो. भाताच्या तुसात कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून बसलेला, केस उभे, आणि डोळ्यांभोवती तांबूस कडं. ते रक्त नसतं, उंदीर हैराण झाला की डोळ्यांतून तसा स्राव येतो. पिंजऱ्यावर बोट वाजवलं की एरवी धावत येणारा प्राणी मान वळवत नाही.

आणि औषध कधी द्यायचं? इथेच माझा आक्षेप आहे. ज्या वनस्पतीचा अर्क तपासायचा तो आधी २१ किंवा २८ दिवस रोज तोंडाने पाजायचा, आणि शेवटच्या दोन दिवशी आयसोप्रेनालिन द्यायचं. म्हणजे औषध आधी, आजार नंतर! मग "हृदयाचं लक्षणीय रक्षण झाले" असं लिहून बाइंडिंगला पाठवायचं. आप्पांना रात्री अडीचला दम लागला तेव्हा त्यांना कुणी २१ दिवस आधी काही पाजलं नव्हतं. त्या प्रयोगाने त्यांच्या प्रश्नाला हातच घातला नाही.

हे मी तेव्हा एकदा बोललोही होतो. "सगळे असंच करतात, पेपर छापून येतो" असं उत्तर मिळालं. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचं वाईट वाटतं म्हणून हा धागा.

जाणकारांनी लिहावं.

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:५५

दादा, आप्पा सावरले हे वाचून बरं वाटलं. मी सोळा वर्षं आयसीयूत आहे, मिरजेतच.

एक दुरुस्ती सुचवते. नवीन काही नाही असं नाही, फक्त ते पहिल्या रात्रीसाठी नाही. पेशंट घरी जायच्या आधीच गोळ्यांचे डोस वाढवायला लागायचं, घरी गेल्यावर दोन आठवड्यांत पूर्ण प्रमाणात न्यायचे आणि वरचेवर तपासायचं, एवढ्यानेसुद्धा फरक पडतो. २०२२ मध्ये १,०७८ रुग्णांची चाचणी झाली. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा ॲडमिट होण्याचं प्रमाण २३.३ टक्क्यांवरून १५.२ वर आलं. त्यातली औषधं आधीपासून वापरातलीच होती.

आणि एम्पाग्लिफ्लोझिन? ती तर साखरेची, म्हणजे मधुमेहाची गोळी. २०१५ मध्ये मधुमेहींवर ती सुरक्षित आहे का हे बघताना हृदयाचा फायदा नजरेस आला. २०२२ मध्ये दवाखान्यात दाखल असलेल्या ५३० हार्ट फेल्युअर रुग्णांतही फायदा दिसला. उंदराचं हृदय बिघडवून कुणी शोधलेलं औषध नाही ते.

आप्पांचं वजन रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर घ्या आणि वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर दम लागायची वाट बघू नका, डॉक्टरांना फोन करा. मीठ तोडा. भाजीतलं मीठ सगळे कमी करतात, पण लोणचं, पापड आणि आपलं भडंग विसरतात. माझे निम्मे पेशंट पाव्हण्यांनी आणलेलं भडंग खाऊन परत आलेत.

---

संगमघाट | मंगळवार, सकाळी ७:१०

ताई, भडंगाचा डबा आजच फडताळातून हलवतो. साखरेच्या गोळीचा मुद्दा लाखमोलाचा.

---

अणुव्रत | मंगळवार, सकाळी ९:३०

तुमच्या लिखाणातला प्रामाणिकपणा भावला, म्हणून सरळ विचारतो. प्रयोग संपल्यावर त्या उंदरांचं काय करत होता? आमच्या घरात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, दिव्यावर किडा पडू नये म्हणून. आणि माझी आई रोज रक्तदाबाची गोळी घेते, जी कुठल्या तरी प्राण्यावर तपासलेली आहे. या दोन्ही गोष्टी एकाच घरात आहेत आणि मला त्यांची सांगड घालता येत नाही.

---

संगमघाट | मंगळवार, दुपारी १:२०

अणुव्रत, विचारलंत ते बरं केलंत. लपवण्यासारखं नाही, पण सांगायला जड जातं.

शेवटच्या दिवशी भूल जास्त प्रमाणात देतात. श्वास थांबला की छाती उघडून हृदय काढायचं आणि थंडगार सलाइनमध्ये धुवायचं. जेमतेम ग्रॅमभराचं, हरभऱ्याच्या घाट्याएवढं. कधी कधी सलाइनमध्ये पडल्यावरही ते चार-दोन ठोके देतं. मग टिपकागदावर कोरडं करून वजन, अर्धं फॉर्मेलिनमध्ये, अर्धं एन्झाइमच्या तपासणीला. बाकीचं शरीर पिवळ्या पिशवीत, जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीत. पहिल्या वर्षी मी त्या दिवशी डबा खात नसे.

कायदा आहे. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची समिती आहे, तिचे १९९८ चे नियम आहेत, आणि प्रत्येक संस्थेत प्राणी-नीतिमत्ता समिती लागते. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये, नुसता हात बसावा म्हणून प्रयोग करू नये, हे त्या कायद्यातच लिहिलंय. आमच्याकडेही समितीच्या बैठका व्हायच्या. पिंजऱ्याचं माप, तापमान, भूल यांबद्दल विचारायचे. "या प्रयोगातून पेशंटच्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर मिळणार?" असं मात्र माझ्या कानावर कधी आलं नाही. मला वाटतं, अहिंसेचा प्रश्न तिथेच सुरू होतो. ज्या प्रयोगातून काही कळणारच नाही त्यात गेलेला जीव पूर्ण फुकट जातो, मग भूल कितीही नीट दिलेली असो.

---

माळरान | मंगळवार, रात्री ९:०५

मी पशुवैद्य आहे. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, आता तासगाव-खानापूर भागात फिरतो. माझ्या बाजूने दोन गोष्टी.

पहिली. हार्ट फेल्युअर हा एक आजार नव्हेच. माझ्याकडे सगळ्यात जास्त दिसतं ते म्हशीने तार खाल्ल्यावरचं. कडब्याच्या पेंढीतली बांधायची तार, खिळा, एखादी सुई चाऱ्याबरोबर पोटात जाते, जाळीदार पोटात अडकते. तिथून हृदय चार बोटांवर. तार पडदा फोडून हृदयाच्या आवरणात घुसते आणि तिथे पू साठतो. म्हैस कोपर बाहेर काढून उभी राहते, उताराला चालायला नाखूश, मानेची शीर दोरखंडासारखी फुगलेली, आणि पुढच्या पायांमधली पोळी (छातीखालची कातडी) सुजून लोंबते. स्टेथोस्कोप लावला की डबक्यात पाय आपटल्यासारखा आवाज. मालक म्हणतो, डॉक्टर, लघवीचं इंजेक्शन द्या, सूज उतरेल. दिलं तर दोन दिवस उतरतेही. पण बाहेरून आवळलेल्या हृदयाला आतून औषध काय करणार?

प्रयोगाचंही तेच. उंदराची धमनी बांधून हृदय बिघडवलं, कुत्र्याच्या हृदयाला पेसमेकरने तीन-चार आठवडे मिनिटाला दोनशेच्या वर पळवून थकवलं, किंवा आयसोप्रेनालिनने जाळलं, तरी तिन्हीला नाव एकच: हार्ट फेल्युअर. पेसमेकर बंद केला की ते कुत्र्याचं हृदय बरंचसं पूर्ववत होतं. आप्पांचं तसं होणार आहे का? त्यांच्या मागे वीस वर्षांचा रक्तदाब असेल, मूत्रपिंडं थकलेली असतील. शिवाय उंदराचं हृदय मिनिटाला साडेतीनशे वेळा पडतं, माणसाचं सत्तर. स्नायूतलं मुख्य प्रथिनसुद्धा वेगळ्या जातीचं, वेगाने आकुंचन पावणारं. डुकराचं हृदय आणि धमन्या माणसाच्या पुष्कळ जवळच्या, पण डुक्कर सांभाळायचा खर्च आणि जागा कोण देणार?

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कुत्र्यांना हा आजार आपोआप होतो. लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाची झडप जाड होते, गळते, आणि एका रात्री फुफ्फुसात पाणी भरतं. आप्पांसारखंच. त्यांना आम्ही पिमोबेंडन हे हृदयाचा ठोका जोरदार करणारं औषध देतो. २००८ मध्ये २६० पाळीव कुत्र्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. सगळी घरात राहणारी, मालकांच्या संमतीने घेतलेली, आधीच आजारी असलेली. पिमोबेंडनवरची कुत्री साधारण २६७ दिवस टिकली, दुसऱ्या औषधावरची १४०. कुणालाही मुद्दाम आजारी पाडलं नव्हतं.

आणि तेच पिमोबेंडन माणसांत? १९९६ च्या चाचणीत रुग्ण थोडं जास्त चालू लागले, पण मृत्यू वाढत असल्याची शंका आली, आणि जपान सोडल्यास ते मागे पडलं. कुत्र्याला तारणारं औषध माणसाला तारेलच असं नाही, आणि उलटही. म्हणून मी प्राण्यावरच्या प्रयोगाला "माणसाची रंगीत तालीम" म्हणत नाही. कुत्र्यावरची चाचणी आधी कुत्र्याच्या भल्यासाठी करावी. त्यातून माणसाला काही मिळालं तर उत्तम.

---

येरळाकाठ | बुधवार, सकाळी ६:४५

डॉक्टर, तार खाल्ल्याचं लिवलंय ते अगदी खरं. आमची एक पंढरपुरी म्हस अशीच गेली. आता आमच्यात कडबा कुट्टीला टाकायच्या आदी लोहचुंबक फिरवत्यात.

माजं येगळंच इचारायचंय. गेल्या साली देवळाच्या कडंची कण्हेर छाटून बांधावर टाकल्याली. शेळ्यांनी खाल्ली. दोन सांजच्यापत्तोर गेल्या, एक वाचली. डॉक्टर आल्ते ते म्हणले हृदयाचं ठोकं चुकायलेत. कण्हेरीचं आन हृदयाचं काय नातं?

---

माळरान | बुधवार, दुपारी २:३०

येरळाकाठ दादा, नातं थेट आहे आणि या धाग्यात बसणारंही.

कण्हेरीत जे विष आहे त्याच कुळातलं डिजिटॅलिस. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्ह या झाडाच्या पानांबद्दल लिहिलं, अंगावर सूज येणाऱ्या रुग्णांना त्याने गुण येतो म्हणून. त्याच्याच जवळच्या जातीच्या झाडातलं डिजॉक्सिन आजही गोळीच्या रूपात मिळतं. हृदयाच्या पेशीतला सोडियम बाहेर काढणारा पंप ते अडवतं, त्यामुळे पेशीत कॅल्शियम वाढतं आणि ठोका जोरदार पडतो. मात्रा जरा पुढे गेली की तोच ठोका मंदावतो, चुकतो, थांबतो. औषध आणि विष यांच्यात अंतर फार थोडं. तुमच्या शेळ्या त्या अंतराच्या पलीकडे गेल्या. वाचलेलीला बहुतेक कोळसा पाजला असेल आणि ॲट्रोपिन दिलं असेल.

आणि त्याचा उतारा प्राण्यांमुळेच मिळाला. डिजॉक्सिनविरुद्धची प्रतिद्रव्यं मेंढीच्या रक्तात तयार करतात. प्राण्यांत ती आधी पारखली आणि १९७६ मध्ये पहिल्यांदा माणसाचा जीव वाचवायला दिली. तिथे प्रयोगाचा प्रश्न अगदी स्पष्ट होता: विष आधी, उतारा नंतर, प्राणी जगतो की नाही. संगमघाट म्हणतात तो क्रम तिथे सरळ होता.

---

काचेचा_पिंजरा | बुधवार, रात्री ११:१५

नमस्कार सर. मी एम. फार्म. दुसऱ्या वर्षाला आहे, जवळच्याच कॉलेजात. धागा वाचून झोप उडाली, कारण माझी सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) हुबेहूब तुम्ही लिहिलीत तशी आहे. २८ दिवस अर्क, शेवटचे दोन दिवस आयसोप्रेनालिन, पाच गट, प्रत्येकी सहा नर. समितीपुढे अजून जायची आहे. गाइडना काय सांगू? वेळ आठ महिने, पैसे बेताचे.

---

संगमघाट | गुरुवार, सकाळी ६:२०

बाळा, अजून वेळ आहे हीच मोठी गोष्ट.

सगळ्यात आधी क्रम उलटा. आयसोप्रेनालिन आधी दे, हृदय बिघडलंय हे ईसीजी आणि रक्त तपासून पक्कं कर, मग औषध सुरू कर. निकाल फिका येईल. गाइड म्हणतील, काहीच दिसत नाही. फिका निकालही निकालच असतो, आणि तो खरा असेल तर मागून येणाऱ्याचे तीस उंदीर वाचतील.

यासाठी १९८५ चा एक दाखला गाइडपुढे ठेव. अमेरिकेत फेफर यांच्या गटाने उंदरांची धमनी बांधली, हृदयविकार झाल्यावर मग कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचं औषध सुरू केलं आणि वर्षभर कोण किती जगतो ते मोजलं. औषधावरचे जास्त जगले. त्याच प्रश्नावर १९९२ मध्ये २,२३१ माणसांची चाचणी पुरी झाली आणि मृत्यू १९ टक्क्यांनी घटले. ते दुखणं सावकाशीचं होतं, आप्पांसारखं एका रात्रीचं नव्हे, हे मान्य. पण क्रम पेशंटचा होता आणि मोजलं तेही पेशंटला हवं तेच. उंदीर खोटं बोलत नाही, आपण त्याला भलतंच विचारतो.

कुठला उंदीर कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरव. आमच्याकडे जो हाताला पहिला लागेल तो कंट्रोल गटात (तपासायचं औषध न देता तुलनेसाठी ठेवलेल्या) जायचा, आणि हाताला पहिला लागतो तो नेहमी सुस्त असतो. सुस्त उंदीर कंट्रोलमध्ये गेले की औषध आपोआप चांगलं ठरतं. हे मी इतक्या वेळा पाहिलंय! हृदयाच्या काचपट्ट्या वाचणाऱ्याला गट कळू देऊ नकोस, बाटल्यांवर नुसते आकडे घाल. निम्म्या माद्या घे. म्हातारे उंदीर मिळाले तर सोनं, पण वर्षभर सांभाळायचा खर्च कॉलेज करणार नाही, त्यावर भांडण्यात वेळ घालवू नकोस. जो उंदीर मधेच मेला त्याची नोंद ठेव, गाळू नकोस. तो का मेला हेच कधी कधी खरं उत्तर असतं.

---

अणुव्रत | गुरुवार, सकाळी १०:००

मग प्राण्यांशिवाय काहीच मार्ग नाही का? २०२३ मध्ये केंद्राने औषध-चाचणीच्या नियमांत बदल करून पेशी आणि संगणकावरच्या पद्धतींना वाट दिली, असं वाचलं होतं.

---

माळरान | गुरुवार, दुपारी ४:१०

दिली आहे, आणि औषध हृदयाच्या पेशीला विषारी आहे का, ठोक्याची लय बिघडवतं का, हे माणसाच्या पेशींवर उंदरापेक्षा जास्त नीट कळू शकतं. ते व्हायलाच हवं. पण फुफ्फुसात पाणी भरणं ही नुसत्या हृदयाची गोष्ट नाही. मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, शिरा आवळतात, फुफ्फुस बुडतं. बशीतल्या पेशीला मूत्रपिंड नसतं. म्हणून मी पुन्हा पाळीव, खरोखर आजारी असलेल्या जनावरांकडे बोट दाखवतो.

---

विश्रामबाग | गुरुवार, रात्री ८:५०

डॉक्टर, वाचता वाचता हात थरथरायला लागला. आमची पिंकी, स्पिट्झ, बारा वर्षांची. महिनाभर पहाटे खोकते. मला वाटलं घशात काही अडकलंय. परवा दाखवलं तर झडप गळतेय म्हणाले, गोळ्या अजून दिल्या नाहीत, लक्ष ठेवा म्हणाले. लक्ष ठेवायचं म्हणजे काय करायचं?

---

माळरान | गुरुवार, रात्री ९:२५

माई, घाबरू नका. पिंकी गाढ झोपली की तिच्या बरगडीकडे बघा. छाती वर जाऊन खाली आली की एक श्वास. मोबाइलवर मिनिटभर लावून मोजा. स्वप्नात पाय हलवत असेल तर थांबा, नंतर मोजा. मिनिटाला तीसच्या खाली असायला हवेत. सलग तिसाच्या वर जायला लागले, म्हणजे पाणी भरायला सुरुवात झाली असू शकते. मग सकाळची वाट न बघता तुमच्या डॉक्टरांना फोन करा. रोज एकाच वेळेला मोजा आणि लिहून ठेवा. छातीचा एक्स-रे आणि सोनोग्राफी अजून केली नसेल तर करून घ्या, गोळी कधी सुरू करायची ते त्यावर ठरतं.

---

रात्रपाळी | गुरुवार, रात्री ११:४०

आमच्या वॉर्डातही पहिलं तेच मोजतो. मशीन नंतर.

---

काचेचा_पिंजरा | शनिवार, संध्याकाळी ६:००

सर, गाइडशी बोललो. आधी चिडल्या, मग तुमची पोस्ट मोबाइलवर दोनदा वाचली. औषध आजारानंतर द्यायला तयार झाल्या. माद्यांना नाही म्हणाल्या, पण चिठ्ठ्या टाकायला आणि बाटल्यांवर आकडे घालायला हो म्हणाल्या. सिनॉप्सिस परत लिहायला बसलोय.

---

संगमघाट | शनिवार, रात्री ९:१५

शाब्बास. समितीचा कागद हातात आला की इथे कळव.

आप्पांचं आजचं वजन ५८ किलो २०० ग्रॅम, काल ५८ किलो ३००. रात्री एका उशीवर झोपतात.

---

विश्रामबाग | शनिवार, रात्री ११:०५

पिंकी: गुरुवारी २६, शुक्रवारी २४, आज आत्ता २५. आजचं दोनदा मोजलं.